आबांची वाघर

मेंढरं विकली त्या दिवसापासून वडगाव रासाईच्या बिरदेव आबांचं घरात मन रमलं नाही. थोरल्याला रांजणगावात कंपनीत नोकरी लागली, रानात ऊस आला, मग मेंढरांमागं हिंडणार कोण? आबांना विचारूनच सगळं झालं होतं. पण म्हाताऱ्यानं वाघर मात्र कुणाला दिली नाही. रानात मुक्काम पडला की मेंढरांभोवती उभी करायची ती दोरीची जाळी. ती खाटेखाली असायची आणि तिच्यावरून आबांचं उंदरांशी कायमचं वैर होतं.

नात धनश्री शिरूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. एका शनिवारी ती घरी आली, तेव्हा आबा वाघरीचा तुटका फास सांधत होते.

“आबा, आमच्या जंतूंनाबी अशीच वाघर असती.”

“जंतूला? त्याला कुठला लांडगा खातोय?”

“आतलं पाणी बाहेर रेटतं. जाळी हाय म्हणून काडीसारखा आकार टिकतो. वाढायचं झालं की जुना फास तोडायचा, तिथंच नवा विणायचा.”

“आत मेंढरं असतानाच! आमीबी तसंच करायचो की.” आबांची कळी खुलली.

मग धनश्रीनं पुढचं सांगितलं. पेनिसिलीन नव्या गाठी पडू देत नाही. मग साध्या पाण्यात जंतू फुटतो. दाट साखरपाण्यात जगतो, पण काडीचा नुसता गोळा होतो.

आबांनी हातातला फास खाली ठेवला. वेळेवर चहा, वेळेवर भाकरी, अंगावर ऊन नाही की वारा नाही. त्यांना तो गोळा फार जवळचा वाटला.

“आन् औषिद काढलं तर? परत काडी व्हतीया?”

“तेच बघायचंय या आठवड्यात.”

त्या आठवड्यात आबांनी वाघर उन्हात टाकली, घोंगडी झटकली आणि ओळखीच्या मेंढक्याकडं दोन कोकरं सांगून ठेवली. गोळ्याची काडी झाली, तर आपणही पुन्हा रानात जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. थोरला हसला. हसेना का!

शनिवारी ते एसटीच्या थांब्यावरच जाऊन उभे राहिले. धनश्री उतरली.

“झाली काडी?”

“झाली, आबा. पण...” तिला खोटं बोलवेना. “त्याच गोळ्याची न्हाई झाली. आधी त्याची वेडीवाकडी लेकरं झाली, मग त्यांची लेकरं. काही पिढ्या गेल्या, तवा कुठं सरळ काडी दिसली.”

“मग माझं काय, पोरी?”

 दोघं घरी आले. आबांनी वाघर अंगणात ओढली आणि तिचं एक टोक नातीच्या हातात दिलं.

“हितं धर. गाठ उजवीकडनं घाल. फास मोठा ठिवलास तर कोकरू निसटतं.”

धनश्रीनं गाठ मारली. ती सैल पडली. आबांनी ती सोडली आणि दोरी पुन्हा तिच्याच हातात दिली.