सतरा मिलिमीटरचा डोळा

"कल्पना, प्रोब दाबू नकोस गं! किती वेळा सांगायचं?"

डोळे मोजणाऱ्या आमच्या सहायिकेवर मी ओरडलोच. ओपीडी तुंबली होती आणि मशीन डोळ्याची लांबी सतरा मिलिमीटर दाखवत होतं. माणसाचा डोळा साधारण तेवीसचा. मोजायचं पेन डोळ्यावर जोरात टेकलं तर आकडा थोडा कमी येतो.

"सर, चार वेळा घेतलं. सतराच येतंय. दुसराही तेवढाच."

"मग मशीन बिघडलंय. नेहमीचे तेवीस धर आणि लेन्सचा नंबर काढ."

हे मी म्हणालो. लिहितानाही लाज वाटते.

खुर्चीत द्वारकामावशी होत्या. नाशिकच्या वेशीवर मळा, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बाजारात बसायच्या. डावा डोळा जन्मापासून अधू. सगळी भिस्त उजव्यावर, आणि त्यातच मोतीबिंदू. कल्पनाने त्यांचा चष्मा माझ्यापुढे ठेवला. भिंगं कसली, काचेचे पेढेच! इतका जाड चष्मा म्हणजे डोळा खरंच लहान; मशीन खरं बोलत होतं.

"मावशी, हा चष्मा कधीपासून?"

"शाळंत होते तवापासून. थोरल्या बहिणीलाबी असाच. तिचा एक डोळा मोतीबिंदूच्या आपरेशनात गेला. नशीब तिचं, दुसरं काय!"

असा डोळा बाहेरून लहान, भिंत मात्र जाड आणि आत सगळी दाटी. तो उघडला की आतला दाब एकदम उतरतो. मग मागचा पडदा सुजतो, कधी रक्तस्राव होतो आणि नजर जाते. बहिणीचंही तसंच झालं असावं. तिच्या डॉक्टरला मी मनात शिवी हासडणार होतो, पण मी तरी आत्ता काय करायला निघालो होतो?

सोबत आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "सर, दहा मिनिटांचं काम ना? शेजारच्या काकू तर संध्याकाळी घरी आल्या."

"यांचा डोळा वेगळा आहे. ऑपरेशनमध्ये नजर जाऊ शकते. नाही केलं तर मोतीबिंदूनं जाणारच."

मावशीच बोलल्या, "करा. पण घाई नगं."

तयारीला तीन आठवडे गेले. नेहमीच्या जवळपास दुप्पट नंबरची लेन्स खास मागवली. ऑपरेशनच्या दिवशी आधी दाब उतरवणारं सलाईन लावलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागात दोन बारीक खिडक्या केल्या, म्हणजे आत पाणी साठलं तर वाट मिळेल. तरी अर्ध्यावर डोळा बोटाखाली टणक लागला, म्हणजे आत दाब चढत होता. पुढं रेटायचा मोह लय वाईट. मी हात थांबवला, छेद बंद केला आणि नुसता बसून राहिलो. खरं सांगतो, घाबरलो होतो. वीसेक मिनिटांनी डोळा मऊ झाला, मग लेन्स बसवली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मावशींनी समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचली. मुलगा रडला. थोडा नंबर राहिला, चष्मा सुटला नाही, पण हलका झाला.

मावशी मात्र हळूच म्हणाल्या, "डाक्टर, असं आधी मोजून केलं असतं, तर बहिणीचा डोळा वाचला असता?"

"कदाचित. नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मंग नुसतं नशीब नव्हतं तर ते."

आता आमच्या केसपेपरवर एक प्रश्न वाढलाय: घरात कुणाचा डोळा ऑपरेशनात गेलाय का? विचारायला अर्धं मिनिट लागतं.