डावीकडचा ब्रेक

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगापूरच्या एका गिऱ्हाइकाशी जुन्या जीपचा सौदा करत होतो. फोन ठेवला, सौदा पुरा केला आणि मग उस्मानपुऱ्याला त्याच्या घरी निघालो. वाटेत डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. डोक्यात एकच होतं, की आता हा माणूस ते कधीच कबूल करणार नाही...

उत्तमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी आणि तो. मी आज जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो, पण तेव्हा जीपवर क्लीनर होतो आणि गाडी चालवायला त्यानंच मला शिकवलं. शिकवणाऱ्याच्या गाडीत डाव्या सीटपुढंही एक ब्रेक असतो, दांड्यानं उजवीकडच्या ब्रेकला जोडलेला. चौक आला की मी हॉर्नवर हात ठेवून गाडी घुसवायचो आणि ती जागच्या जागी थबकायची. मी भडकायचो. "आपला नंबर होता ना?" "व्हता." "मग थांबवली कशाला?" "समोरच्याला ते म्हाईत नव्हतं." आणि वर खिडकीतून हात काढून समोरच्या रिक्षावाल्याला 'जा बाबा' अशी खूण करायचा. रिक्षावालाही हात उचलून जायचा, जसं काही दोघं सोयरे. मला आयुष्यात कोणी फुकट काही दिलं नाही. जे मिळालं ते आधी घुसून मिळवलं. सौद्यात जो आधी आकडा बोलतो तो हरतो, तसाच चौकात जो आधी ब्रेक दाबतो तो हरतो, असं मी त्याला सांगायचो. तो म्हणायचा, "शेठ, हा चौक हाय. जनावरांचा बाजार नाय." मी तेव्हा शेठ नव्हतो, तो चिडवायचा. पुढं खरंच झालो, तरी त्याचा सूर तोच राहिला.

आमचं बिनसलं ते चितेगावच्या फाट्यावर. मी आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली होती आणि शेजारी उत्तमला बसवून पैठण रोडला निघालो होतो. डावीकडून एका कारखान्याचा टेम्पो आला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम उत्तमनंच मला शिकवलेला. टेम्पोच्या उजवीकडून मी येत होतो. मी थांबलो नाही, तोही थांबला नाही. माझ्या गाडीत उत्तमच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी त्याचा पाय खालच्या मॅटवर गच्च दाबलेला मी पाहिला. त्याच्या बाजूचा दरवाजा चेपला. त्याचा खांदा दुखावला, बाकी कोणाला काही झालं नाही. मी उतरून टेम्पोवाल्याची कॉलर धरली. गर्दी जमली. गर्दीतल्या निम्म्यांना गाडी उत्तमनंच शिकवलेली. मी ओरडलो, "विचारा या मास्तरला! नियम सांग रे यांना." उत्तम खांदा चोळत म्हणाला, "ब्रेक दोघांकडं बी व्हता." लोक हसले. टेम्पोवालासुद्धा हसला. ज्याचं नुकसान त्यानं सोसायचं, असं ठरून मिटलं. परत येताना मी म्हणालो, "माझ्या बाजूनं एक शब्द बोलला असतास तर जीभ झिजली असती का?" तो म्हणाला, "तू बोलायला जागाच कुठं ठेवली व्हती?"

बरेच दिवस मी त्याचं तोंड पाहिलं नाही. नंतर जाणं-येणं सुरू झालं, पण भेटलो की मी विचारायचोच, "खरं सांग, त्या दिवशी कोणाचं बरोबर होतं?" तो म्हणायचा, "चहा घे." दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हाही विचारलं. नाकात नळी होती. त्यानं हात थोडा उचलला आणि रिक्षावाल्याला करायचा तसा हलवला, 'जा बाबा'... मी निघून आलो.

उत्तमच्या मागं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी वहिनींनी ती पांढरी गाडी विकायची म्हणून मला बोलावलं. सवयीनं मी बॉनेटवर टिचकी मारून म्हणालो, "पत्रा सडलाय." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्याशी तरी घासाघीस करू नका." मग पदरानं आरसा पुसत त्या सहज बोलून गेल्या, "चितेगावला तुमचंच बरोबर होतं, असं हे म्हणायचे." मी वळून विचारलं, "मग मला का नाही बोलला तो?" "म्हणायचे, त्याला सांगू नको. एकदा बरोबर ठरला तर कोणत्याच चौकात थांबायचा नाय." माझा राग उलट वाढला. अजूनही आहे. एका वाक्याचं तर काम होतं. त्याचं काय गेलं असतं?

वहिनींनी सांगितला तो भाव कबूल केला आणि गाडी घेऊन निघालो. उस्मानपुऱ्याच्या चौकात डावीकडून रिक्षा आली. नियमानं आधी मीच. माझा पाय ब्रेकवर गेला, आणि दांडा जोडलेला असल्यामुळं रिकाम्या सीटपुढचा ब्रेकही सावकाश खाली गेला... रिक्षावाला हात उचलून निघून गेला. मागच्यानं हॉर्न वाजवेपर्यंत मी तिथंच होतो.

अशी गाडी विकायची तर डावीकडचा ब्रेक आधी काढावा लागतो. ती अजून माझ्या आवारात उभी आहे. गिऱ्हाईक येतं, आत वाकून बघतं आणि विचारतं, "हे काढून देणार ना?" मग मी असा भाव सांगतो, की ते पुन्हा येत नाही.