गोपिकाबाईंची खुर्ची

गोपिकाबाई बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत एकोणीस वर्षं उभ्या आहेत. उभ्या म्हणजे खरोखरच उभ्या. तिथे बसायला काही नसतं. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बायका हातांनी बोलतात. तळहात वर उचलला की ऊठ, साहेब आले. खाली दाबला की मी बसतेय. मग ती बाई रिकाम्या खोक्यावर दोन मिनिटं टेकते आणि बाकीच्या लक्ष ठेवतात.

गोपिकाबाईंचे गुडघे गेलेत. नव्या मुलींना काम शिकवणाऱ्या बाईची जागा निघाली, टेबल-खुर्चीची, पण मुलाखत इंग्रजीत. म्हणून त्या नंदनवन भागातल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला आल्या.

त्या आठवड्यात मी 'पुट अप विथ' शिकवत होतो. म्हणजे त्रास मुकाट्यानं सहन करणे. क्लासचा कूलर बंद होता, त्यामुळे उदाहरण शोधावं लागलं नाही. बाकीच्यांनी सासू, खड्डे, लोडशेडिंग लिहिलं. गोपिकाबाईंची वही कोरी.

"मले कायचा तरास आहे, सर?"

"गुडघे?"

"ते तं रोजच दुखून राहिले. त्यात लिहाचं काय?"

इतकी वर्षं तक्रार न करता सोसलंत, मुलाखतीत हेच सांगा, साहेब खूश होतील, असं मी म्हणालो. वाक्यही मीच लिहून दिलं आणि पाठ करून घेतलं. माझ्या अकलेचा मला तेव्हा अभिमान होता.

साहेब खूशच झाले. एकोणीस वर्षं उभं राहणं आपण 'पुट अप विथ' केलं, असं बाईंनी न अडखळता सांगितलं. एवढं सोसणारी बाई यंत्रावरून हलवायची कशाला, असं साहेबांचं मत पडलं. खुर्ची करिष्माला मिळाली. तिला गिरणीत लागून दोन वर्षं झाली होती, आणि उभं राहणं मला जमत नाही, असं तिनं मुलाखतीत सांगितलं होतं.

"इंग्रजी चांगलं आहे म्हणले साहेब," गोपिकाबाईंनी मला कळवलं.

मला फार लाज वाटली. चूक माझी आहे, असं मी म्हणालो. त्यांनी ते खोडून काढलं नाही.

सोमवारी त्या क्लासला जरा उशिरा आल्या.

"आज मी खोकं पालथं घातलं अन् बसली. साहेब समोरून येऊन राहिले होते."

"मग?"

"त्यायनं हात वर केला. तेवढी एक खूण त्यायले येते."

"आणि तुम्ही?"

गोपिकाबाईंनी वही उघडली, पेन बाजूला ठेवलं आणि बाकावर बसल्या बसल्या तळहात सावकाश खाली दाबला.