हनीसकलचं निर्माल्य

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी, ॲन आर्बरमध्ये आमच्या घरामागच्या पार्कात, स्वयंसेवकांनी साफ केलेल्या जागेत झेंडूची फुलं, तुळशीची पानं, उदबत्तीची जळकी काडी आणि बरीच लाल फळं सापडली. स्वयंसेवक सात-आठ होते. कुणाच्या तरी स्मरणार्थ फुलं वाहिली असावीत असं समजून त्यांनी ती जागा सोडून भोवतीने काम सुरू केलं. एका गृहस्थांनी टोपी काढली. गटाच्या प्रमुख मात्र मराठी होत्या. त्यांनी खाली वाकून एक फळ उचललं, नखाने फोडलं, थोडं पिशवीत घेतलं आणि त्या थेट आमच्या घराकडे निघाल्या.

या प्रमुखांना आम्ही काकू म्हणतो. त्या मूळच्या पुण्याच्या. निवृत्त झाल्यापासून त्यांनी पार्कातलं हनीसकल संपवण्याचं काम हाती घेतलं आहे. वेलीचं हनीसकल वेगळं, हे झुडूप. परदेशातून बागेसाठी आणलं गेलं आणि बागेतून जंगलात गेलं. ते इतरांच्या आधी पालवतं, सगळ्यांनंतर पानं गाळतं आणि मधल्या काळात त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही. शरद ऋतूत त्याला लाल फळं येतात. ती पक्षी खातात आणि बिया पुढच्या पार्कात नेऊन टाकतात. काकूंचा गट दर शनिवारी झुडपं करवतीने कापतो आणि उरलेल्या बुंध्याला निळं औषध फासतो. औषध फासलं नाही तर बुंधा पुन्हा फुटतो.

शेवटची ही गोष्ट माझ्या नवऱ्याला महत्त्वाची वाटली. तो गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बोन्सायचा नाद त्याला व्हिडिओ बघून लागला. दुकानातून आणलेली ज्युनिपरची दोन झाडं त्याच्या हातून मेली होती आणि तिसरं आणायचं त्याला धाडस होत नव्हतं. जे झाड सगळ्या पार्काला मारता येत नाही ते आपल्यालाही मारता येणार नाही, असा त्याचा हिशोब होता. त्या ऑक्टोबरच्या आदल्या वर्षी, मार्चअखेर, पालवी फुटायच्या आत, तो काकूंच्या गटाकडे गेला. त्याने एक जुनं झुडूप हेरून ठेवलं होतं. बुंधा मनगटाहून बराच जाड, सालीच्या उभ्या चिंध्या लोंबणाऱ्या, एका बाजूने कुजून पोकळ झालेला.

"काकू, हे मला द्याल?"

"घेऊन जा की. शेकोटीला?"

"नाही, कुंडीत लावायला."

काकूंनी हातमोजे काढले. "परत बोल."

त्याने परत सांगितलं. काकूंनी त्याचं म्हणणं इंग्रजीत बाकीच्यांना ऐकवलं. कुणी हसलं नाही.

"ऐक," काकू म्हणाल्या, "न्यायचं तर ने. पण त्याचं एकही फळ पिकता कामा नये. एक जरी फळ बाहेर पडलं तरी मी करवत घेऊन येणार आणि तुझ्यासमोर कापणार. कबूल?"

त्याने कबूल केलं. हनीसकलची मुळं खोल जात नाहीत, पसरतात. दुपारपर्यंत झाड बाहेर आलं. नवऱ्याने ते गुडघ्याएवढं छाटलं आणि लाकडी खोक्यात, पर्लाइटच्या पांढऱ्या खड्यांमध्ये बसवलं. मेमध्ये उघड्या खोडावर जागोजागी हिरवे ठिपके आले. त्याने रोज फोटो काढले. हर्नडन गावात राहणाऱ्या त्याच्या मित्राने फोटो बघून लिहिलं, "यार, हे अंगणात ठेवलं म्हणून आम्ही दंड भरला आणि काढून टाकलं." पहिला हिवाळा झाड डेकवर बर्फात राहिलं आणि एप्रिलमध्ये पुन्हा पालवलं. नवऱ्याच्या हातून जगलेलं ते पहिलं झाड होतं.

दुसऱ्या वर्षी त्याला फुलं आली. ती खुडायला हवी होती. पांढरी फुलं पिवळी होत जाताना बघायचं म्हणून नवऱ्याने काही फांद्यांवर राहू दिली. फळं हिरवी असताना काढू, असं ठरलं. जूनमध्ये सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या. सप्टेंबरमध्ये नवऱ्याला कामासाठी जर्मनीला जावं लागलं. जाताना तो आईला म्हणाला, "आई, यातलं एकही फळ झाडावर राहायला नको. पक्ष्यांना मिळायला नको."

"नाही राहू देत बाप्पा. जा तू."

सासूबाईंनी शब्द पाळला. फक्त त्यांनी फळं लाल होईपर्यंत वाट पाहिली, कारण कच्चं फळ तोडणं त्यांना पटत नव्हतं. पिकली तशी रोज सकाळी त्यांनी ती तोडली आणि देवाला वाहिली. ॲन आर्बरमध्ये पूजेला फुलं विकत आणावी लागतात, त्यामुळे घरचं लाल काही मिळाल्याचा त्यांना आनंद होता. दुसऱ्या दिवशी त्याचं निर्माल्य झालं. निर्माल्य केराच्या डब्यात टाकायचं नाही. कंपोस्टच्या डब्यात अंड्यांची टरफलं होती, म्हणून तिथेही नाही. वाहत्या पाण्यात सोडावं तर पार्कातल्या ओढ्याच्या काठी उतरायला त्यांचा गुडघा देईना. संध्याकाळी फिरायला गेल्यावर त्यांनी पार्कभर पाहिलं. सगळीकडे झाडी माजली होती. ओढ्यालगत एकच जागा स्वच्छ, मोकळी आणि कुणीतरी मन लावून राखल्यासारखी होती. सासूबाई रोज तिथे निर्माल्य ठेवू लागल्या.

ती जागा काकूंनी साफ केली होती.

शनिवारी काकू आल्या तेव्हा नवरा आदल्या दिवशीच परतला होता. काकूंच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"वहिनी, हे तुमच्याकडचं का?"

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "हो, आमचंच. पण तुम्ही निर्माल्य उचलून काहून आणलं? तसं आणू नये."

"ही फळं कुठली?"

"त्या खोक्यातल्या झाडाची."

नवऱ्याने पिशवीत डोकावून बघितलं.

"एकेका फळात दोन-तीन बिया असतात," काकू म्हणाल्या. "मी तिथे कित्येक वर्षं गुडघ्यांवर बसून काम केलंय."

"असं," सासूबाई म्हणाल्या. "तरीच म्हटलं, एवढी जागा कशी काय साफ."

"आता तिथे हेच उगवणार."

"चांगलंच की. सावली होईल."

काकूंनी नवऱ्याकडे मान वळवली. "काय ठरलं होतं आपलं?"

"काकू, टेक्निकली बघितलं तर पक्ष्याने एकही खाल्लेलं नाही."

"पक्ष्याने खाल्लं असतं तर मी समजून घेतलं असतं. त्याला अट माहीत नव्हती."

त्या पार्कापाशी लावलेल्या आपल्या गाडीकडे गेल्या आणि करवत घेऊन आल्या. डेकचं दार उघडून त्या खोक्यापाशी उभ्या राहिल्या. नवरा त्यांच्यामागे गेला. शब्द त्यानेच दिला होता. त्याने झाडाची एक पिवळी पडलेली बारकी फांदी बाजूला केली, म्हणजे करवतीला बुंधा नीट दिसेल. सासूबाई हे दारातून बघत होत्या.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे ना? मग झाडाला कापता कशाला? मी ठेवली तशी मी वेचून आणते."

"जमिनीवरून? वहिनी, पाला पडलाय तिथे."

"तांदूळ निवडत आयुष्य गेलं माझं. तुम्ही जागा दाखवा."

करवत डेकच्या कठड्याला टेकवून काकू त्यांना घेऊन गेल्या. सासूबाईंनी साडीवर मुलाचं जाकीट चढवलं, माझे हातमोजे घातले आणि आंघोळीचं प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर नेलं. नवरा पाला उचलून चाळायला लागला. पुढचे दोन शनिवारही हेच चाललं. स्वयंसेवकांनी सासूबाईंना गटाची टोपी दिली. ती त्यांनी पदरावरून घातली. काकू आणि त्या शेजारी-शेजारी बसून वेचत.

"भाजीत गूळ घालता म्हणे तुम्ही लोक," सासूबाई म्हणाल्या.

"घालतो. तिखटाने जीभ बधिर झालेल्यांना तो लागत नाही, एवढंच. डावीकडे बघा, एक राहिलंय."

"तो दगड आहे."

"दगड लाल नसतो, वहिनी."

किती फळं ठेवली होती हे सासूबाईंना सांगता येईना. काही खारींनी नेली असावीत. त्यामुळे सगळी सापडली की नाही याचा निकाल लागला नाही. तिसऱ्या शनिवारी काकूंनी झाडाचा निर्णय दिला. त्या ते कापणार नाहीत. पण या घरात झाड एक आणि त्याच्याबद्दलची मतं तीन, तेव्हा ते काकूंच्या घरी राहील. नवऱ्याला रविवारी येऊन छाटणी करता येईल.

"कधीपर्यंत?" त्याने विचारलं.

"बघू."

त्याने खोकं काकूंच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. सासूबाईंनी गाडीच्या काचेतून झाडाला नमस्कार केला. नोव्हेंबरात त्या नागपूरला परतल्या.

या एप्रिलमध्ये ओढ्यालगतच्या जागेत हनीसकलची रोपं उगवली. ती सासूबाईंच्या फळांची की पक्ष्यांनी आणलेली, हे ठरवता येत नाही. नवरा दर शनिवारी ती उपटायला जातो. खोक्यातलं झाड काकूंच्या घरी, मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा ठिकाणी आहे. मेमध्ये त्याच्या कळ्या काकूंनी स्वतः खुडल्या. झाड परत देण्याबद्दल नवऱ्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी त्याला चहा दिला. गेल्या रविवारी तो छाटणीला गेला तेव्हा झाड खोक्यातून काढून बोन्सायच्या चपट्या निळ्या कुंडीत लावलेलं होतं आणि उजवीकडच्या फांदीला, वळण देण्यासाठी, ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली होती. तार त्याने गुंडाळलेली नव्हती.