पुसायचंही आहे, बघायचंही आहे

प्रोग्रामरांच्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याला हुकूम टाइप करून द्यावे लागतात. त्यात न नोंदवलेल्या फायली साफ करताना ‘पुसून टाक’ आणि ‘नुसतं दाखव’ हे दोन पर्याय कुणी एकत्र दिले, तर सरळ नकार द्यायचा असं मी ठरवलं होतं. काल शेजारच्या टेबलावरच्या वैशालीनं नेमके तेच दोन्ही लिहिले आणि एंटरवर नेलेलं बोट मागे घेतलं.

“अगं, काय ते एक सांग ना त्याला,” मी म्हणाले.

“पुसायचंच आहे गं. पण काय काय जाणार, ते आधी बघू दे की!”

मला आई आठवली. फोनवर ती म्हणते, “एवढ्या लांब धावपळ करत येऊ नकोस,” आणि त्याच दमात विचारते, “मग कधी येतेस?” यात विसंगती आहे असं आपण तिला सांगत नाही, बॅग भरायला घेतो.

दुपारपर्यंत मी तो नकार काढून टाकला. दोन्ही पर्याय आले तर फक्त दाखवायचं, पुसायचं काहीच नाही. वैशालीनं पुन्हा तोच हुकूम लिहून एंटर दाबलं. जाणाऱ्या फायलींची नावं पडद्यावर उमटली आणि ती खुर्चीतून अर्धी उठलीच.

“अगं बाई! हे तर माझं महिनाभराचं काम!”