मुलीच्या जागी

आमच्या श्रीगोंद्याच्या कॉलेजात पदवीप्रदान समारंभ होता आणि नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. कर्जतकडचे एक गृहस्थ परीटघडीचं धोतर नेसून आले. कला शाखेतली त्यांची मुलगी आदल्या दिवशी बाळंत झाली होती. तिची पदवी मंचावर आपल्या हातात द्यावी, एवढंच त्यांचं मागणं.

"विद्यापीठाचा नियम आहे. गैरहजर असेल त्याची पदवी टपालाने जाते," मी सांगितलं.

"मंग पोस्टमन टाळ्या वाजवतोय व्हय, म्याडम? घरातली पैलीच पदवी हाय."

मी त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी त्यांनी हात उंचावून टाळ्या वाजवल्या. मग घोषणा झाली, "कला शाखेच्या स्नातकांनी उभं राहावं." पुढे मुलंमुली उठली. मागे हेही टोपी सारखी करून उभे राहिले.

सभागृहातली शिस्त राखणं माझ्याच कामांच्या यादीत होतं. मी त्यांना बसा म्हणाले नाही.