गादीवालीने शिवलेला जलराक्षस

मुक्या सिनेमांच्या काळात इटलीतल्या तुरीन शहरात डेल्फिना गारील्यो गाद्या शिवायची. अंगाने थोराड, जिभेने तिखट. नदीकाठच्या सिनेमा कंपनीला जलराक्षस हवा होता, तेव्हा सुताराने वेताचा सांगाडा बांधला आणि त्यावर कातडी चढवायला हिला बोलावलं. तिने जुनं तागाचं कापड हिरवं रंगवलं, सरसात बुडवलेले कागदी खवले टाचले, डोळ्यांच्या जागी काचेचे वाडगे बसवून मागे दिवे लावले.

दिग्दर्शक पेरोत्ती यांनी भोवती फेरी मारून नाक मुरडलं. जबडा उघडतोय, मान वळतेय, पण जनावर मेलेलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

डेल्फिना हिरमुसून घरी आली. नवरा बातिस्ता मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंटा चापून खुर्चीतच घोरत होता. त्याचं पोट वरखाली होताना ती बघत राहिली, आणि तिला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने लोहाराचा जुना भाता राक्षसाच्या पोटात बसवला, तो ओढायला बातिस्तालाच आत कोंबलं आणि स्वतः शेपटीत शिरली.

राक्षस नदीत उतरला. श्वास घेऊ लागला. आणि आत पाणी शिरू लागलं.

"माझे लग्नातले बूट भिजले," बातिस्ता कुरकुरला.

"लग्नातले बूट घालून राक्षसाच्या पोटात यायला कुणी सांगितलं होतं? भाता ओढ."

तो ओढेना. डेल्फिनाने संतापून लाथ झाडली, तशी शेपटी अशी काही उसळली की राक्षसाशी झुंजणारा नायक खरोखरच पाण्यात पडला. सिनेमा मुका, त्यामुळे आतलं भांडण आतच राहिलं. काठावर पेरोत्ती आनंदाने टोपी हलवत कॅमेरावाल्याला थांबू नकोस म्हणून खुणावत होते.

चित्रपट लागला. पडद्यावर राक्षसाचं पोट फुगलं आणि सारं थिएटर चिडीचूप झालं. सासूबाई मारिएत्तांनी मुलाचा हात घट्ट धरला.

"आई, घाबरू नकोस. पोटात मीच आहे," बातिस्ता कुजबुजला.

"म्हणजे तुला गिळलं की काय रे त्याने?"

पुढे डेल्फिना कंपनीतच राहिली. हंसाच्या पिसांचा बर्फ पाडला, साटिनचा समुद्र खवळवला. दर रविवारी ती इतरांचे सिनेमे बघायला जायची. नायिका रडत असली तरी हिची नजर तिच्या मागे उठवलेल्या वादळावर. वादळ मनासारखं जमलेलं असलं की शेजारच्या अनोळखी माणसालाही कोपराने ढोसून म्हणायची, "बघा, कुणीतरी काय जीव ओतून केलंय!"